डेना जोयाचं ‘९९ पोएम्स’ : मनात नाही, तोंडाने वाचायचं पुस्तक

आधीच सांगून टाकतो, पुस्तक चांगलं आहे, घ्या. पण उशाशी ठेवून झोपताना दोन पानं मनातल्या मनात वाचणार असाल तर निम्मे पैसे पाण्यात. डेना जोया हा अमेरिकन कवी, तो कानासाठी लिहितो. यमक, मात्रा, पुन्हापुन्हा येणारी ओळ, सगळं शाबूत, आणि हे सुरू केलं ते अशा काळात जेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच कवींना यमक म्हणजे जुनाट प्रकरण वाटायचं. आपण लहानपणापासून आरत्या, अभंग, भजनं म्हणत वाढलेली माणसं, आपल्याला त्याचं काय ते पटकन कळतं, उलट एमए इंग्लिशवाल्यांनाच थोडा वेळ लागेल असं मला वाटतं (एमएवाल्यांनी रागावू नये).

वस्तूबद्दल थोडक्यात. ग्रेवुल्फ प्रेसने २०१६ ला काढलेलं, नव्या आणि निवडक कविता, एकूण ९९, नावातच आहे. २०१८ चा पोएट्स प्राइज याच पुस्तकाला मिळाला. बाहेरून येतं त्यामुळे किंमत बोचते. माझं पार्सल ऐन जुलैत आलं आणि कुरियरवाल्याने पडवीत ठेवायचं सोडून बरोब्बर पागोळीखाली ठेवलं, बाहेरचं खोकं भिजून लगदा, आत प्लास्टिक होतं म्हणून फक्त दोन कोपरे फुगले. पावसाळ्यात मागवणार असाल तर ऑफिसच्या पत्त्यावर मागवा.

आता माणूस. जन्म १९५०, कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न, कामकरी वस्ती. वडिलांकडून सिसिलीचे, आईकडून मेक्सिकन, म्हणजे दोन्हीकडून कॅथलिक. आई टेलिफोन ऑपरेटर, कॉलेजचं तोंड न पाहिलेली, पण कविता पाठ, घरात काम करताना म्हणायची. जोयाने कविता आधी ऐकली आणि मग वाचली, ते पानापानावर जाणवतं. पुढे स्टॅनफर्ड, हार्वर्ड, आणि मग प्राध्यापकीची वाट सोडून साहेब परत स्टॅनफर्डला जाऊन चक्क एमबीए करतात आणि १९७७ ला जनरल फूड्समध्ये नोकरीला लागतात. तिथे जेलो, म्हणजे ती डब्यातली रंगीत जेली, तिचं मार्केटिंग बघायचे. कंपनीत एकूण पंधरा वर्षं. दिवसा जेली, रात्री कविता, आणि ऑफिसात बरीच वर्षं कुणाला पत्ता नाही.

मला हा माणूस आवडण्याचं निम्मं कारण हेच आहे. मी वेंगुर्ल्यात काजूच्या धंद्यात, अख्खा गर, पाकळी, तुकडा यांचे भाव सांगण्यात दिवस जातो, पार्टीसमोर कवितेचं नाव काढलं तर उधारी बुडाली असं समजावं. त्याची ‘मनी’ नावाची कविता आहे, पैशाला बाजारात जितकी टोपणनावं आहेत ती सगळी नुसती ओळीने मांडत जातो, आणि ते इतकं चटकदार होतं की ती मी गोडाऊनमध्ये मोठ्याने वाचली तर हमालांनी ‘आणि एकदा’ म्हटलं. अर्थ एकाला कळला नसेल. ठेका कळला.

पण पुस्तक घ्यायचं ते यासाठी नाही. घ्यायचं ‘प्लांटिंग अ सिक्वोया’साठी. जोयाचा पहिला मुलगा १९८७ ला गेला, चार महिन्यांचा, झोपेतच, कारण काही नाही. सिसिलीत पहिला मुलगा झाला की बाप ऑलिव्हचं नाहीतर अंजिराचं झाड लावतो. हा आणि त्याचे भाऊ पाऊस भरून आलेल्या आभाळाखाली दुपारभर खड्डा खणतात आणि फळझाड नाही, सिक्वोया लावतात, हजारो वर्षं जगणारं, फळाबिळाचा उपयोग शून्य. मुळांत काय गुंडाळतात, तर बाळाचे थोडे केस आणि नाळेचा तुकडा. बास. पुढे म्हणतो, आम्ही सगळे मेल्यावर, घर पाडल्यावर, पुतणे भाचे कुठे कुठे गेल्यावर तू परक्या माणसांत उभा राहा.

आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. मूल झालं की माड लावायची पद्धत आमच्या घरात होती, विहिरीमागे अजून एक माड आहे त्याला सगळे ‘भाऊंचा माड’ म्हणतात, भाऊ म्हणजे माझे थोरले काका, ते कधीच मुंबईला गेले आणि तिकडेच वारले. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येतो तो सुद्धा भाऊंच्या माडाचे किती निघाले हे वेगळं सांगतो. नारळ बाकीच्यांसारखेच. ही कविता आईला मराठीतून सांगितली तर तिने एवढंच विचारलं, झाड जगलं का रे. मला काही बोलता आलं नाही. कवितेत अश्रू, आक्रोश, देवाला जाब वगैरे एक अक्षर नाही, फक्त माती, खड्डा, पाऊस आणि गुडघे टेकलेली माणसं. गुडघे झाड लावायलाही टेकावे लागतात आणि प्रार्थनेलाही, तो त्यावर बोट ठेवत नाही, तसाच पुढे जातो. चांगला कवी इथेच ओळखायचा.

कॅथलिक कवी म्हणून त्याचं नाव घेतात आणि त्याने स्वतः २०१३ ला ‘द कॅथलिक रायटर टुडे’ असा लांब निबंध लिहून तिकडे बरीच खळबळ केली, की अमेरिकेत साधारण चारात एक माणूस कॅथलिक, मग आजच्या साहित्यात ते दिसत का नाहीत, ५०-६० वर्षांपूर्वी तर दिसत होते. पण या पुस्तकात प्रवचन शोधाल तर मिळणार नाही. ‘प्रेयर अ‍ॅट विंटर सॉल्स्टिस’ घ्या, प्रत्येक वाक्य ‘धन्य’ने सुरू होतं, आणि धन्य कोण, तर वाट अडवणारा डोंगर, भूक, तहान, थंडी, कावळा, ससा फाडून खाणारा ससाणा. शेजारच्या आंटीला ही वाचून दाखवली, त्यांचं निम्मं आयुष्य मुंबईत नोकरीत गेलेलं, इंग्रजी समजतं. चौथ्या-पाचव्या ‘ब्लेसेड’ला त्या मान हलवायला लागल्या, “अरे ही तर आमची लदीनच मा!” मग कावळा आला तशा थांबल्या, “कावळो पण धन्य? बरां सांगता हां तुझो कवी.” ज्यांनी मे महिन्यात वाटेवरच्या क्रूसापाशी लदीन, म्हणजे ख्रिस्ती लोकांची एकत्र म्हणायची प्रार्थना, ऐकली आहे, एक जण नाव घेतो आणि बाकीचे सगळे मागून तेच उत्तर देतात, आणि नंतर उकडलेले चणे, त्यांना ही कविता कशी म्हणायची ते शिकवावं लागणार नाही. आणि हा किनारा तर असा की फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला ओवीत छापून झालं होतं, म्हणजे येशूची गोष्ट आपल्या छंदात म्हणायची सवय इथे चारशे वर्षांची.

दुसरी बघाच ती ‘द एंजल विथ द ब्रोकन विंग’. मेक्सिकोतल्या खेड्यातल्या चर्चसाठी कोरलेला लाकडी देवदूत स्वतःच बोलतोय, सैनिकांनी पंख तोडला, आता म्युझियमच्या एसीत उभा आहे, गाईड लोक कारागिरीचं कौतुक करतात आणि गुडघे कुणी टेकत नाही. ज्याने कोरला त्या मेंडोझाचं नाव आता फक्त त्या देवदूतालाच आठवतंय. जुन्या गोव्याचं ख्रिस्ती कलेचं म्युझियम पाहिलं असेल तर काचेमागचे ते लाकडी संत डोळ्यासमोर येतील, मीही तिथे पाटी वाचून पुढे सरकलेल्यांपैकीच. यमक असं चोख बसलंय की दोनदा वाचलं की ओळी आपोआप पाठ होतात.

तिसरी, ‘स्पेशल ट्रीटमेंट्स वॉर्ड’, घरात लहान मूल आजारी असेल तर सध्या उघडू नका. मुलांच्या वॉर्डातल्या रात्री, आया खुर्च्यांवर झोपलेल्या. मधेच तो स्वतःच सांगतो की ही कविता मी बारा वर्षं बाजूला ठेवली होती, ते चेहरे आठवायला नको होते म्हणून. एवढं वाचलं की पुस्तक मिटून थोडं बाहेर फिरून यावं लागतं.

आता तक्रारी. पुस्तक विषयवार लावलंय, गूढ, जागा, आठवण, कल्पना, गोष्टी, गाणी, प्रेम असे सात भाग. ऐकायला छान, पण १९८६ च्या पहिल्या संग्रहातली कविता आणि काल-परवाची शेजारी शेजारी येतात, मुलगा जाण्याआधीची कुठली आणि नंतरची कुठली हे सलग लागत नाही, आणि या कवीच्या बाबतीत तो फरक फार मोठा आहे. प्रकाशकाला काय सुचलं कोण जाणे. गाण्यांचा भाग मला पातळ वाटला, चाल नसलेली गाणी कागदावर लंगडतातच. कॅलिफोर्नियाच्या कवितांत वाळलेले डोंगर, पिवळं गवत, पाऊस नाही, ते जुलैत वेंगुर्ल्यात बसून वाचताना मनात उतरायला जरा जड जातं, एप्रिलमध्ये वाचा, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जाऊन वाचा, लागेल. गोष्टींचा भाग मात्र मजबूत, ‘हॉन्टेड’ ही भुताची गोष्ट आहे, कोकणातल्या माणसाला भुताच्या गोष्टीत फसवणं सोपं नाही तरी शेवटी सांगणारा कोण निघतो तिथे मी फसलो. सांगत नाही.

इंग्रजीची भीती नको, शब्द साधे आहेत, बारावीच्या इंग्रजीवर निभावतं.

एक अवांतर. मे १९९१ च्या अटलांटिक मासिकात याने ‘कॅन पोएट्री मॅटर?’ लिहिलं, त्यात कवींना पहिलाच सल्ला असा की कार्यक्रमात स्वतःच्या कवितांबरोबर दुसऱ्या कवींच्याही वाचा. आपल्याकडच्या कविसंमेलनांना हे लागू करून बघा, जिथे स्वतःची झाली की कवी चहाच्या टेबलाकडे, आणि शेवटच्या कवीला ऐकायला सूत्रसंचालक आणि माईकवाला. बोलून गप्प बसला नाही हा, २००३ ते २००९ तिकडच्या सरकारी कलासंस्थेचा प्रमुख असताना हायस्कूलच्या मुलांसाठी कविता पाठ म्हणण्याची देशभर स्पर्धा सुरू केली, आणि कॅलिफोर्नियाचा राजकवी झाल्यावर राज्याच्या सगळ्या ५८ काउंट्यांत जाऊन कार्यक्रम केले, त्यात आडगावची छोटी वाचनालयं पण आली. आपल्या तालुक्यातल्या वाचनालयाच्या कमिटीने हे वाचलं तर बरं.

पाचपैकी चार स्टार, कापलेला एक मांडणीसाठी. कोणी मोबाईलवर घ्यायचा विचार करत असेल तर नको, लांब ओळी तुटून खाली येतात आणि यमक कुठे पडलं तेच कळत नाही. छापील घ्या, आणि माझी कॉपी मागू नका, ती सध्या आंटीकडे आहे, त्यांना नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, बायकांना वाचून दाखवायची आहे.