‘विच हेझल’च्या नावाखाली नागपुरात ३३,१५० रुपयांना गंडवलं, नसा फुगलेल्यांनी आणि मूळव्याधवाल्यांनी वाचाच

दवाखान्याबाहेर ओळख काढणारा माणूस, मग गल्लीतलं दुकान, मग ग्रॅमवर मोजलेलं औषध. हा प्रकार तुम्ही ऐकलाच असेल. मीही ऐकला होता. पण या वेळी जडीबुटीच्या जागी विच हेझल या अमेरिकन झुडपाचं नाव होतं, आणि बोलणारा रसायनशास्त्र बोलत होता.

आईच्या पायाच्या नसा फुगल्या आहेत. धंतोलीत डॉक्टरांना दाखवून बाहेर आलो. त्यांनी लेझर सुचवलं होतं आणि ऑपरेशन म्हटल्यावर आईचा धीरच सुटला होता. तेवढ्यात तो आला. “मावशी, माझ्या मायलेही असंच होतं. आता रोज फुटाळ्यावर चक्कर मारते.” सीताबर्डीकडचं दुकान त्यानेच दाखवलं. दाखवायला सोबत येतो त्याच्यापासून लांब राहा, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

दुकानदाराने हॅमामेलिस (विच हेझलचं शास्त्रीय नाव), टॅनिन (तुरट द्रव्य), गॅलिक आम्ल, फ्लेव्होनॉइड असं घडाघडा सांगितलं. हे सगळं त्या झाडात खरंच असतं, आणि तिथेच विश्वास बसला. साल-पानांत टॅनिन भरपूर, त्यातलं हॅमामेलिटॅनिन मुख्यतः सालीत. टॅनिनने कातडी आकसते, म्हणून मूळव्याधीची खाज-आग किंवा किरकोळ खरचटणं यावर ते वरून लावतात. अमेरिकेत १८४६ पासून त्याचा अर्क विकला गेला, पॉन्ड्स हे नाव तिथूनच आलं. पण फुगलेल्या नसांमध्ये आतल्या झडपा ढिल्या पडलेल्या असतात. वरून काहीही चोळलं तरी त्या घट्ट होत नाहीत.

अर्काची बाटली पाण्यासारखी स्वच्छ होती. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एससी. केलंय. मी विचारलंही, “एवढं टॅनिन आहे तर रंग कसा नाही?” तो म्हणाला, “ताई, डिस्टिल्ड आहे. रंग गेला, गुण राहिला.” हे वाक्य आजही डोक्यातून जात नाही. टॅनिन वाफेबरोबर वर चढतच नाही, ते भांड्यातच राहतं! बाजारातल्या डिस्टिल्ड विच हेझलमध्ये टॅनिन जवळजवळ नसतं, साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. त्याच क्षणी आईला उठवून बाहेर पडायला हवं होतं. पण आई शेजारी पाय दाबत बसली होती, “घेऊन टाक ना बाई” म्हणत होती. अशा वेळी पुस्तकातलं कोणाला आठवतं?

अर्काबरोबर तो खायचं चूर्णही देत होता, त्याला ‘सत्त्व’ म्हणत होता. “सत्त्व चारशे ऐंशी,” असं तो म्हणाला होता. डबीचे, असंच कोणीही समजेल. समोर कुटून, मिसळून झाल्यावर कळलं की ग्रॅमचे. ६० ग्रॅमचे २८,८००. अर्काच्या तीन बाटल्या १,४५० प्रमाणे ४,३५०. “आता कुटलंय, परत होत नाही.” दारात दोन पोरं उभी होती. २०,००० यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नव्हे, कुठल्यातरी बाईच्या खात्यावर. १३,१५० रोख. कुटण्याआधी भाव ग्रॅमचा की डबीचा, ते लिहून घ्या.

चूर्ण खाऊन आईच्या पोटात कळा आल्या, उलट्या झाल्या. घोट्याजवळच्या तडकलेल्या कातडीवर अर्क लावला तर ती आगीने रडली. घरी मी गंजलेला खिळा त्या अर्कात ठेवला. लोखंडी कढईत हिरड्याचा काढा काळा पडतो, ते टॅनिनमुळे. या पाण्याला निळसर छटासुद्धा आली नाही.

लेबलवर काय, तर ‘आयुर्वेदिक’ आणि ‘सातपुड्यातील ताज्या पानांपासून’. हे झुडूप पूर्व-उत्तर अमेरिकेतलं, सातपुड्यात कुठून येणार? उत्पादन परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. आयुर्वेदिक औषधावर हे दोन्ही लागतातच, नसतील तर डबी तिथेच परत ठेवा.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. “सामान घेतलं, सामान मिळालं, मग फसवणूक कुठे?” खोटं सांगून पैसे काढणं म्हणजे फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच द्यायला तासभर उभं ठेवलं. बँकेत, “पैसे तुम्हीच पाठवले ना?” औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात तर एका टेबलावरून दुसऱ्यावर. एक म्हणे, हे आयुर्वेदिकवाल्यांकडे; आयुर्वेदिकवाले म्हणतात, हे झाड आयुर्वेदात नाही. शेवटी एक साहेब म्हणाले, “छापील जाहिरात आणा.” १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदा औषधाबद्दलच्या खोट्या जाहिराती थांबवायलाच आहे, आणि त्यात लेबलही जाहिरातच धरलंय! मी लेबल टेबलावर ठेवलं. त्यांनी उचलूनही पाहिलं नाही. आईचं वय, तिच्या उलट्या, कुणी काही विचारलं नाही. पगार कशाचा घेतात ही माणसं?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मला हे उशिरा कळलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका.

उरलेलं चूर्ण, तिन्ही बाटल्या आणि यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. ज्यांना याच पद्धतीने सत्त्व विकलं गेलंय त्यांनी लाजेखातर डब्या फेकू नका, लेखी तक्रार द्या. माझा अर्ज एकटा पडलाय, म्हणून ते तो दाबून बसलेत.