तिबेरियसच्या मानेवरचा घाव

रोमन सम्राट तिबेरियसच्या एका सोन्याच्या नाण्यापायी माझे पावणेदोन लाख रुपये गेले. ज्या खुणेवर मी सर्वाधिक विश्वास ठेवला, तिनेच मला फसवले, म्हणून हा अनुभव तपशिलात लिहीत आहे.

पुण्यातील एका नाणे-प्रदर्शनात ओळख झालेल्या विक्रेत्याने ते नाणे दाखवले. एका बाजूस लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेले, उजवीकडे पाहणारे सम्राटाचे मस्तक होते आणि कडेने 'दैवी ऑगस्टसचा पुत्र तिबेरियस सीझर ऑगस्टस' अशा अर्थाची संक्षिप्त लॅटिन अक्षरे होती. मागे राजदंड व फांदी घेऊन आसनावर बसलेली स्त्री होती, जिला अनेक जण तिबेरियसची आई लिव्हिया मानतात. शेजारी 'पोंटिफ मॅक्सिम', म्हणजे प्रमुख धर्मगुरू, ही पदवी. लेखात एकही अक्षर चुकलेले नव्हते.

शिवाय सम्राटाच्या मानेवर छिन्नीचा खोल घाव होता. 1898 साली आजच्या तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई भागात 501 रोमन सुवर्णनाण्यांचा ठेवा सापडला, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर मस्तकावर असेच घाव आहेत, हे मी वाचले होते. विक्रेत्याने नेमका तोच दाखला दिला आणि मी पावतीचा आग्रहही धरला नाही.

चार महिन्यांनी एका संग्राहक मित्राने आपले नवे नाणे दाखवले. तोच तिबेरियस, तीच लिव्हिया. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, त्यामुळे तेवढ्याने शंका आली नसती. पण घावही त्याच जागी, त्याच तिरकसपणाने, त्याच लांबीचा होता. घाव टाकसाळीत पडत नाही, तो नंतर कोणीतरी एकेका नाण्यावर हाताने घालतो, आणि दोन हातघाव असे तंतोतंत जुळणे शक्य नाही. दोन्ही नाणी एकाच अस्सल नाण्यावरून घेतलेल्या साच्यात ओतलेली होती, म्हणूनच त्यांवरचा लेख निर्दोष होता.

मग भिंगाखाली सगळे दिसू लागले: घावाच्या कडा धारदार नसून गोलसर, अक्षरांच्या मुळाशी बारीक बुडबुड्यांचे खड्डे. वजन 7.02 ग्रॅम भरले. तिबेरियसचे अस्सल नाणे साधारण पावणेआठ ग्रॅमचे असते. सराफाच्या यंत्राने सोने 91.6 टक्के दाखवले. त्या काळातील रोमन सुवर्णनाणी जवळजवळ शुद्ध सोन्याची असत; 91.6 हा तर आजच्या बावीस कॅरट दागिन्यांचा कस आहे. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी अर्ध्या तासात झाली असती.

विक्रेत्याला विचारले, तेव्हा "दोन्ही एकाच ठेव्यातली आहेत," एवढेच उत्तर मिळाले.