मीटरवर अठरा व्होल्ट दाखवून मला फसवलं

मी सांगलीत फर्निचरची कामं करतो. माझ्या कॉर्डलेस ड्रिलला दोन बॅटऱ्या आहेत, दोन्ही १८ व्होल्ट, ४ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). मे महिन्यात विश्रामबागेत एका किचनचं काम चालू होतं. त्यातली एक बॅटरी चार्जरला लावली तर लाल-हिरवा दिवा आलटून पालटून लुकलुकायला लागला. वास्तुशांत चार दिवसांवर आलेली, त्यामुळे मी तडक बाजारातल्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो.

त्यानं बॅटरी उघडूनही बघितली नाही. "मिस्त्री, सेल गेलेत सगळे. नवीन टाकतो, चारची सहा एएच करून देतो. अठराशे द्या." बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला? मी कुठं पळून चाललोय?" जुने सेल परत मागायचं मला सुचलंच नाही. तिथंच मोठी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी मिळाली. पूर्वी चार्जिंगला सव्वा तास लागायचा, आता अर्ध्या तासात हिरवा दिवा. मला बरं वाटलं. पण सहा एएचची बॅटरी चारच्यापेक्षा लवकर भरेलच कशी? तिच्यात माल कमी म्हणून ती लवकर भरत होती. चार-सहा बिजागऱ्या बसवल्या की ड्रिल गप्प. तीन आठवड्यांत ती चार्जिंगच घेईना.

परत दुकानात गेलो. त्यानं मीटर लावला आणि १७.९ दाखवले. "हे बघा, अठरा व्होल्ट येतंय. बॅटरी ओके आहे, तुमचा चार्जर गेलाय." वर नवीन चार्जरचे बावीसशे सांगितले. मीटर डोळ्यासमोर होता, त्यामुळे मी जवळजवळ पैसे काढले होते.

नशीब, आधी कुपवाड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वायरमनला बॅटरी दाखवली. त्यानं स्क्रू काढले. आत दहा सेल, दोन-दोनच्या पाच जोड्या. पूर्ण चार्ज झाल्यावर एका जोडीवर ४.२ व्होल्ट यायला पाहिजेत, म्हणजे पाचांचे २१. त्यानं एकेक जोडी मोजली. चार जोड्यांवर ४ च्या आसपास आणि पाचवीवर फक्त १.९. बेरीज केली तर बरोबर १७.९! बाहेरून मोजलं की अठरा दिसतात आणि मेलेली जोडी लपून जाते. चार्जर मात्र त्या पॅकला चार्जिंग देत नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

सेलच्या आवरणावर ९८०० एमएएच छापलेलं (हजार एमएएच म्हणजे एक एएच). १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेलमध्ये एवढं मावतच नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे सेलसुद्धा ३५०० च्या आसपास थांबतात, आणि ड्रिलला लागणारे जोरकस सेल त्याहून कमीच असतात. त्यातला एक सेल काढून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, २९ ग्रॅम भरला. चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. सेल जोडणारी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग न करता सोल्डरिंग आयर्ननं डाग मारून चिकटवली होती. त्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तापमान कळवणारा सेन्सर काढून तिथं साधा रेझिस्टर टाकला होता, जो चार्जरला कायम एकच तापमान दाखवतो. पॅक कितीही तापला तरी चार्जरला कळणारच नाही. हीच बॅटरी मी रात्री घरात, पोरं झोपलेली असताना चार्जिंगला लावत होतो. ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या बॅटरीचाही दिवा तसाच लुकलुकला. या वेळी आधी बॅटरीच्या खाचेत बघितलं, तर प्लायचा बारीक भुसा कडक बसलेला. चार्जर प्लगमधून काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं दोन्हीकडचे पत्रे पुसले, वाळू दिले. बॅटरी चार्ज झाली. पहिलीलाही एवढंच झालं असावं असं मला वाटतं. माझे चांगले सेल त्यानं ठेवून घेतले, पण आता ते सिद्ध कसं करणार?

तुमची बॅटरी अडली तर आधी ती सावलीत अर्धा तास गार होऊ द्या, कारण तापलेली बॅटरी बरेच चार्जर घेतच नाहीत. मग खाच साफ करा, शक्य असेल तर दुसऱ्याच्या चार्जरवर लावून बघा. दुकानात देताना पॅक आपल्यासमोर उघडायला लावा, प्रत्येक जोडी मोजून घ्या, बिल घ्या आणि जुने सेल परत मागा. तो नाही म्हणाला तर बॅटरी उचलून बाहेर पडा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिलं बिलच मागितलं.