जॅकेट घेताना आधी उलटं करून बघा

यंदा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या खरेदीत एका जॅकेटपायी माझे ६,४०० रुपये गेले. ते कसे गेले हे लिहितोय, कारण माझ्या ओळखीतली दोन पोरं त्याच इन्स्टाग्राम पेजवर ऑर्डर द्यायच्या बेतात होती.

मी पावसचा, कामाला रोज बाईकने रत्नागिरीत. गोळपच्या सड्यावर पाऊस वरून नाही, समोरून येतो. भाट्याच्या पुलावर वारा टोपी मागे खेचतो. साधा रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो, पण आत घामाने शर्ट चिंब होतो. शिवाय डोंगर चढणाऱ्यांची ती जॅकेटं हल्ली शहरात रोजच्या कपड्यांसारखी घालतात, २०१७ पासून त्या फॅशनला गॉर्पकोअर असं नावही आहे. मला ती मनापासून आवडतात. एकच चांगलं जॅकेट घ्यावं, पाऊसही निभेल आणि चार लोकांत घालताही येईल, असं ठरवलं होतं.

इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. ‘एक्स्पोर्ट सरप्लस, ओरिजिनल गोअर-टेक्स, २०,००० एमएम वॉटरप्रूफ.’ गोअर-टेक्स म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड. त्याच्या अस्सल जॅकेटची किंमत मला माहीत होती, तीस-चाळीस हजारांच्या घरात. मी विचारलं तर उत्तर आलं, “कारखान्यातला जादा माल आहे दादा, म्हणून या भावात.” व्हिडिओत बाहीवर ग्लासभर पाणी ओतत होते आणि थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळत होते. त्यालाच मी भुललो. खरं तर थेंब घरंगळतात ते कापडाला वरून दिलेल्या लेपामुळे, नवी छत्रीही तेच करते. गोअर-टेक्सची करामत आत असते. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी नॉनस्टिक तव्याला लावतात तेच टेफ्लॉन झटक्यात ताणून एक पातळ पडदा बनवला. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. व्हिडिओत हे दिसणारच नाही.

“कॅश ऑन डिलिव्हरी बंद आहे, आज पेमेंट केलंत तर ४०० कमी,” असं म्हणून त्यांनी क्यूआर पाठवला. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा माणसाचं आलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. तरी पैसे टाकले.

जॅकेट आलं. दिसायला देखणं, छातीवर लेबल, बाहीवर तिरकी झिप. जूनमध्ये पावसाने जोर धरला त्या पहिल्याच सकाळी गोळप ओलांडेपर्यंत खांद्यावरून गार धार पाठीत उतरली. ऑफिसात जॅकेट काढलं तर दोन्ही खांद्यांच्या शिवणीखाली शर्टावर ओल्या रेघा उमटल्या होत्या. कापड कोरडं, फक्त शिवण ओली.

संध्याकाळी शेजारच्या टेलरकाकांकडे नेलं. त्यांनी ते उलटं केलं, चष्मा वर सरकवला, शिवण दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली आणि दिव्यासमोर नेली. सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड दिसत होता. “ह्याला आतून पट्टीच नाय मारलेली रे. सुई गेली तिथून पाणी येणारच.” मग नखाने आतला चकचकीत थर खरवडला, तर त्याचा पापुद्रा सुटून हातात आला.

अस्सल गोअर-टेक्स कपड्याच्या प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवून सील केलेली असते. पट्टी नसेल तर लेबल काहीही सांगो, माल खोटा. आणि ते ‘२०,००० एमएम’ म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं त्याचा आकडा. शिवणीबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे बाहीचा नको, उलट्या केलेल्या खांद्याचा फोटो मागा. माझ्या माहितीतल्या एकाने मागितला, तर त्याला लगेच ब्लॉक केलं.

पैसे परत मागितल्यावर मलाही ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० वर मी फोन केला, पण पैसे जाऊन तोवर तीन आठवडे झाले होते. पहिल्या काही तासांत फोन केला तर ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे.

गेल्या आठवड्यात तेच पेज नव्या नावाने दिसलं. तोच ग्लास, तीच हिरवी बाही, मागे तीच गंज चढलेली खिडकीची जाळी. भाव आता ५,९००.