आठ जातींची प्रोबायोटिक पुडी, लिव्हर सिरॉसिससाठी: सहा महिन्यांच्या वापरानंतर

वापर: सिरॉसिसच्या रुग्णाला लॅक्टुलोजच्या (शौच मऊ करणारे सिरप) जोडीला रोज दोन पुड्या.

आधी आकडा बघा, दुकानात गफलत तिथेच होते. या पुडीत ४५० अब्ज जिवाणू असतात. जुलाबावर मिळणाऱ्या बॅसिलस क्लॉसीच्या ५ मिलीच्या कुपीत २ अब्ज. प्रोबायोटिक दोन्ही, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. केमिस्ट ‘तेच आहे हो’ म्हणाला तरी पाकिटाची मागची बाजू वाचा.

दोनच पुड्या का? चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने १३० रुग्णांपैकी ६६ जणांना व्हीएसएल-३ हे आठ जातींचे मिश्रण रोज ९०० अब्ज (म्हणजे ४५० च्या दोन पुड्या) या मात्रेत सहा महिने देऊन पाहिले, बाकीच्या ६४ जणांना औषध नसलेली पुडी. निष्कर्ष २०१४ साली आले. हॉस्पिटलात भरती होणे घटले. रक्तात अमोनिया हे विषारी द्रव्य चढून होणाऱ्या भ्रमाचे प्रमाणही कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्यामुळे पुडी जोडीदार म्हणून ठीक. तिच्या भरवशावर लॅक्टुलोज सोडणे धोक्याचे. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच हाच लॅक्टुलोजचा खरा मापदंड. बद्धकोष्ठ झाले की अमोनिया आतड्यात तयार होत राहतो आणि पोर्टल शिरेतून थेट लिव्हरकडे जातो. आजारी लिव्हरला तो आवरत नाही.

पहिला आठवडा पोट फुगते. लॅक्टुलोजनेही फुगते, म्हणून दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नयेत. कोणामुळे काय होतेय ते कळत नाही. आधी एक पुडी, आठवड्याने दुसरी. गार पाण्यात किंवा ताकात कालवून लगेच प्यायची. चहा, गरम दूध, कढी यांत टाकली तर जिवाणू मेले, पैसे वाया. पोटात पाणी असेल तर ताकात मीठ नको. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन-तीन तासांचे अंतर.

खरी डोकेदुखी साठवणुकीची. पुड्यांना २ ते ८ अंश लागतात. मे महिन्यात दुकानातून डबा आणताना बर्फाची पिशवी घ्या; उन्हात मेलेले जिवाणू नंतर फ्रिजमध्ये ठेवून परत येत नाहीत. फ्रिजच्या दारातही नको, तिथे तापमान सतत हलते. आणि घरचे दही? जेवणात जरूर घ्या, प्रोटीन मिळते (सिरॉसिसमध्ये जेवणातले प्रोटीन कमी करणे ही जुनी चूक), पण त्यात कोणत्या जातीचे किती जिवाणू आहेत, ते रोज वेगळे.

नुसत्या फॅटी लिव्हरसाठी एवढा खर्च पटत नाही; तिथे ७ ते १० टक्के वजन उतरवणे जास्त कामाचे. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या किंवा आयसीयूतल्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, क्वचित हेच जिवाणू रक्तात उतरतात.

परिणाम मोजायला वहीत रोज रुग्णाकडून सही आणि पाच टोकांची चांदणी काढून घ्या. चांदणीच्या रेषा जुळेनाशा झाल्या, किंवा दिवसा झोप नि रात्री जाग सुरू झाली, तर तो भ्रमाचा इशारा; पुडी वाढवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.