कॉमन्स की लॉर्ड्स?

सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या संसदेत, कायदा होताना पाहायला एकच दिवस मिळाला, तर कुठल्या सभागृहात बसावं?

कॉमन्स, म्हणजे निवडून आलेल्यांचं सभागृह, भरायचं सेंट स्टीफन्सच्या जुन्या चॅपलमध्ये, दाटीवाटीनं. विधेयकाची तीन वाचनं व्हायची. कारकून मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी कान द्यायचे. आधी कागद, शेवटच्या वाचनापूर्वी चर्मपत्रावर सुबक नक्कल. मतदानाला एक बाजू उठून बाहेर जायची, दुसरी बसून राहायची. बाहेर गेलात की बाकावरची जागा गेली! त्यामुळे आळशी लोकांचं मत कुठे पडत असेल, ते सांगायला नको. तमाशाही इथलाच मोठा. १६२९ मध्ये स्पीकर फिंच सभा तहकूब करून उठू लागले, तर सदस्यांनी त्यांना खुर्चीतच दाबून धरलं.

लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, सगळं अदबीनं. सर्वांत कनिष्ठ बॅरनपासून एकेकाला विचारत वर जायचं, 'मान्य' की 'अमान्य'. गैरहजर उमराव आपलं मत दुसऱ्याकडे सोपवू शकायचा. पण अदब म्हणजे चोख हिशेब नव्हे. १६७९ च्या हेबियस कॉर्पस विधेयकाबद्दल (बेकायदा कैदेपासून संरक्षण देणारं) त्या काळचे इतिहासकार बिशप बर्नेट किस्सा सांगतात: मतं मोजताना लॉर्ड ग्रे यांनी एका लठ्ठ उमरावाला गंमत म्हणून दहा धरलं, आणि समोरच्या मोजणाऱ्याचं लक्षच नव्हतं. किस्सा रंगवलेला असेल. पण नोंदीत मतं ५७ विरुद्ध ५५, आणि ही बेरीज त्या दिवशीच्या हजेरीपेक्षा जास्त भरते.

राजाची संमतीही लॉर्ड्समध्येच, जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये. कॉमन्सवाले कठड्यापाशी उभे. मी तरी लॉर्ड्समध्येच बसेन, मोजणाऱ्याच्या अगदी शेजारी.