यंत्रानुवाद की भाषाशिक्षण?

नवी भाषा शिकण्यात वर्षे घालवावीत की ते काम यंत्रावर सोपवावे, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या गूगल ट्रान्सलेटने २०१६ मध्ये न्यूरल पद्धत (मेंदूच्या रचनेवरून सुचलेली, उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय पद्धत) स्वीकारल्यानंतर अनुवादाचा दर्जा झपाट्याने सुधारला आणि २०२४ मध्ये त्यातील भाषांची संख्या २४३ वर पोहोचली. याउलट, इंग्रजी भाषकाला जपानी किंवा अरबी भाषेत कामकाजापुरते प्रावीण्य मिळवण्यास सुमारे २,२०० वर्गतास लागतात, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज आहे. सूचनाफलक, पत्रव्यवहार, प्रवासातील चौकशी यांसाठी एवढा वेळ खर्चणे पटणारे नाही. तिथे यंत्रच सरस ठरते.

संभाषणात मात्र चित्र पालटते. जपानीत क्रियापद, आणि त्यासोबत नकारही, वाक्याच्या शेवटी येतो (मराठी वाचकांना हे वेगळे सांगायला नको). त्यामुळे इंग्रजीत अनुवाद करताना यंत्र कितीही वेगवान झाले, तरी त्याला एक तर थांबावे लागते किंवा पुढचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय ज्याला मूळ भाषा येत नाही, त्याला अनुवादातील चूक सहसा ओळखता येत नाही, आणि वैद्यकीय सल्ला किंवा करारनामा यांत ही उणीव महागात पडू शकते. माझ्या मते, ज्यांच्यासोबत दीर्घकाळ राहायचे किंवा काम करायचे आहे, त्यांची भाषा शिकणेच श्रेयस्कर. जगातील सुमारे ७,००० भाषांपैकी बहुतेकींच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण यंत्राला शिकवण्याइतका लिखित मजकूर त्यांच्यात उपलब्ध नाही.